आजीचा प्रश्न आणि पेशीतली राखीव स्थानके

भिलाई हे लोखंडाचे गाव. दल्ली-राजहराच्या खाणींतल्या खनिजावर आणि सोव्हिएत रशियाच्या मदतीने इथला पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे येऊन स्थायिक झाली. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबेही त्यांत होती. आज त्यांची तिसरी पिढी इथे नांदते आहे.

अशा गावात कुणाच्या अंगात रक्त कमी आहे म्हटले की घरातली वडीलधारी माणसे चटकन सांगतात, "लोह कमी पडले असेल, टॉनिक द्या." पण छत्तीसगडात आणि शेजारच्या विदर्भात रक्त कमी असण्याचे आणखी एक कारण घरोघरी ओळखीचे आहे. त्याचे नाव सिकलसेल. या आजारात बहुधा लोहाची उणीव नसतेच. दोष असतो तो रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या घडणीत.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. पाच वर्षांची नात आहे. तिचे हातपाय अधूनमधून असह्य दुखतात, डोळे पिवळसर दिसतात. तपासणीत सिकलसेल निघतो. डॉक्टर फॉलिक ॲसिडची गोळी देतात आणि पुढे हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध सुरू करायला सांगतात. आई विचारते, "हे औषध करते काय?" डॉक्टर समजावतात, "पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते, ती नक्कल हे औषध मंदावते." कोपऱ्यात बसलेली आजी दचकते. "अहो डॉक्टर, पोर वाढत्या वयाची. पेशी वाढतात म्हणून पोर वाढते ना? मग वाढ थांबवायचे औषध तिला कशाला?"

आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट तो इतका नेमका आहे की त्याचे उत्तर द्यायला पेशीच्या आत जावे लागते. पेशी डीएनएची नक्कल कुठून सुरू करते, कधी सुरू करते आणि ते ठरवतो कोण, हे समजले की आजीची काळजीही बरीचशी मिटते.

विळ्याच्या आकाराची पेशी

आधी आजाराची ओळख करून घेऊ. आपली लाल रक्तपेशी गोल, मधे किंचित दबलेली आणि लवचीक असते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी झाला की तिच्यातले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्यांसारखे होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना होतात त्या त्यामुळे.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा दोष आहे. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५०च्या दशकातच त्याचा नेमका ठिकाणा शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवरचा एकच मणी बदललेला असतो आणि त्यामागे डीएनएतले एकच अक्षर असते. भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ साली.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणजे हाडांतल्या मज्जेवर कामाचा केवढा बोजा पडतो पाहा. निरोगी माणसाची मज्जासुद्धा दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी घडवते. सिकलसेलच्या मुलाच्या मज्जेला त्याहून कितीतरी अधिक राबावे लागते. प्रत्येक नव्या पेशीमागे डीएनएची एक संपूर्ण नक्कल असते. त्या नकलेच्या अक्षरांसाठी फॉलिक ॲसिड लागते, म्हणून ती छोटी गोळी रोज घ्यायची.

दोन मीटरचा धागा

मानवी पेशीतल्या डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. त्यावर अक्षरांच्या सुमारे ६०० कोटी जोड्या असतात. आणि हा धागा ज्या केंद्रकात मावतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान!

हे साधते ते गुंडाळणीमुळे. शिवणाचा दोरा जसा रिळावर गुंडाळतात तसा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचे एक रीळ, त्यावर धाग्याचे जेमतेम पावणेदोन वेढे, मधे थोडा मोकळा धागा, मग पुढचे रीळ. एका पेशीत अशी सुमारे तीन कोटी रिळे असतात. धागा, रिळे आणि त्यांना चिकटलेली इतर प्रथिने मिळून जे बनते त्याला क्रोमॅटिन म्हणतात.

या शोधात एका घराण्याची गंमत आहे. डीएनएची नक्कल करणारे पहिले विकर आर्थर कोर्नबर्ग यांनी जिवाणूत शोधले आणि १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे चिरंजीव रॉजर यांनी १९७४ साली या रिळाची रचना मांडली. पुढे २००६ साली, जनुकांतला मजकूर कसा वाचला जातो यावरच्या संशोधनासाठी, त्यांनाही नोबेल मिळाले. वडिलांनी नक्कल करणारा कारकून शोधला आणि मुलाने दप्तर बांधण्याची रीत शोधली, असे म्हणायला हरकत नाही. बरीच वर्षे हे दोन वेगळे विषय वाटत होते. दप्तर कसे बांधले आहे यावर नक्कल कुठून सुरू होणार हे ठरते, हे हळूहळू उमगत गेले.

रूळ कुठून टाकायचे?

भिलाईत रेल्वेचे रूळ तयार होतात, तेव्हा उदाहरण रुळांचेच घेऊ. समजा मुंबई ते हावडा हा सुमारे दोन हजार किलोमीटरचा मार्ग नव्याने टाकायचा आहे. एक टोळी दिवसाला एक किलोमीटर रूळ टाकते. ती मुंबईहून निघाली तर हावड्याला पोचायला दोन हजार दिवस लागतील. पण वाटेत शंभर स्थानके निवडली आणि प्रत्येक स्थानकातून एक टोळी पूर्वेला, एक पश्चिमेला सोडली, तर तेच काम दहा दिवसांत उरकेल.

पेशी नेमके हेच करते. नक्कल करणारी यंत्रणा मिनिटाला साधारण एक ते दोन हजार अक्षरे पुढे सरकते. आपल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रावर अक्षरांच्या सुमारे २५ कोटी जोड्या आहेत. एका टोकापासून सुरुवात केली तर तीनचार महिने लागतील. प्रत्यक्षात माणसाच्या पेशीत सगळ्याच्या सगळ्या ४६ गुणसूत्रांची नक्कल आठेक तासांत, म्हणजे कारखान्याच्या एका पाळीत, पुरी होते. कारण नक्कल एकाच वेळी अनेक ठिकाणांहून सुरू होते. ही आरंभस्थाने एका पेशीत सुमारे ३० ते ५० हजार असतात.

मग ही स्थानके ठरवतो कोण? पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये उत्तर सोपे निघाले. तिथे आरंभस्थानावर ठरावीक अक्षरांची पाटीच असते. १९९२ साली स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांनी ती पाटी ओळखून तिथे बसणारा प्रथिनांचा गट शोधून काढला. त्याला ओआरसी म्हणतात. स्थानकाची जागा पाहून मुक्काम ठोकणारा हा मुकादम समजा.

माणसाच्या पेशीतही हा मुकादम सापडला. पण पाटी काही सापडेना. माणसाचा ओआरसी यीस्टसारखे ठरावीक शब्द शोधत नाही. मग तो बसतो कुठे?

मोकळी जमीन, बंद जमीन

तो बसतो जिथे जागा मोकळी असते तिथे. म्हणजेच क्रोमॅटिन जिथे सैल आहे, रिळे विरळ आहेत, धागा उघडा आहे, तिथे. रूळ टाकणारी टोळीसुद्धा आधी मोकळ्या मैदानात मुक्काम करते. घनदाट जंगलात आणि डोंगरात ती नंतर शिरते.

काही हिस्टोनांवर लहान रासायनिक खुणा लागलेल्या असतात. एका प्रकारच्या खुणेने रिळाची धाग्यावरची पकड ढिली होते. अशा भागात आरंभाची तयारी सहज होते आणि नक्कलही लवकर सुरू होते. दुसऱ्या प्रकारच्या खुणांनी क्रोमॅटिन घट्ट मिटते, जणू न लागणारे नऊवारी लुगडे घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवले आहे. या भागाची पाळी शेवटी येते.

हे खरे कशावरून? पुरावा प्रत्येक स्त्रीच्या पेशीत आहे. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. त्यांतले एक पेशी मिटवून ठेवते, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. दोन्ही गुणसूत्रांवरचा मजकूर जवळजवळ सारखा, दोन्ही एकाच केंद्रकात, अवतीभवतीची प्रथिनेही तीच. तरीही उघड्या एक्सची नक्कल आधी होते आणि मिटलेल्या एक्सची अगदी उशिरा. अक्षरे सारखी असताना वेळ वेगळी पडते, म्हणजे फरक अक्षरांत नाही, घडीत आहे.

दुसरा दाखला फळमाशीच्या गर्भाचा. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही तासांत तिची केंद्रके दर आठदहा मिनिटांनी दुप्पट होतात आणि त्यांच्या डीएनएची नक्कल तीनचार मिनिटांत उरकते. तेव्हा क्रोमॅटिनची उघडे आणि मिटलेले अशी वाटणी पक्की झालेली नसते, त्यामुळे आरंभस्थाने अगदी जवळजवळ असतात. पुढे गर्भाची वाढ होते, काही भाग मिटतात, स्थानके दूरदूर जातात आणि नकलेला जास्त वेळ लागू लागतो.

परवाना आधी, आरंभ नंतर

पेशी इथे एक शिस्त फार काटेकोरपणे पाळते. रूळ एकदाच टाकायचे. एखादा तुकडा दोनदा नकलला गेला तर गुणसूत्रात गोंधळ माजतो आणि त्यातून कर्करोगाकडेही वाटचाल होऊ शकते.

म्हणून काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात, नक्कल सुरू होण्यापूर्वी, मुकादम ओआरसी आपल्या मदतनिसांकरवी धाग्यावर एक कडे चढवतो. धाग्याचे दोन पदर पुढे उलगडायचे असतात, त्या यंत्राचा हा गाभा. त्याचे नाव एमसीएम. याला परवाना देणे म्हणतात. या टप्प्यात नक्कल सुरू होत नाही, नुसती परवानगी मिळते.

दुसऱ्या टप्प्यात नक्कल सुरू होते आणि त्याच क्षणी नवे परवाने देणे बंद होते. जिथून टोळी निघाली तिथला परवाना संपला. पुढचा मिळेल तो पेशी दुभंगून झाल्यावरच.

यात एक शहाणपणाची गोष्ट आहे, आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच दडले आहे. पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी परवाने देऊन ठेवते. त्यांतले बहुतेक वापरले जात नाहीत. शेजारून येणारी टोळी त्यांच्यावरून रूळ टाकत निघून जाते. मग ही उधळपट्टी कशाला, असा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्याकडे थोड्या वेळाने वळू.

रक्ताच्या जनुकाची गोष्ट

क्रोमॅटिनची घडी आणि नकलेचा आरंभ यांचे नाते ज्या थोड्या जनुकांवर आधी उलगडले, त्यांत सिकलसेलशी संबंधित हेच बीटा जनुक होते. हा योगायोग सांगण्याजोगा आहे.

अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका ओळीत राहतात. आधी गर्भाच्या सुरुवातीच्या काळात लागणारे, मग गर्भातल्या हिमोग्लोबिनची दोन, आणि शेवटी जन्मानंतर लागणारी. बीटा जनुक सर्वांत टोकाला. ओळीच्या आरंभी, काही अंतरावर, एक नियंत्रक भाग असतो. तो स्वतः हिमोग्लोबिन बनवत नाही. सगळ्या वस्तीचे दिवे लावण्याचा खटका म्हणा त्याला.

मज्जेतल्या ज्या पेशींपासून लाल रक्त बनते त्यांच्यात ही वस्ती उघडी असते आणि तिची नक्कल लवकर होते. इतर बहुतेक पेशींत, जिथे हिमोग्लोबिनची गरजच नाही, तिथे ती मिटलेली असते आणि नक्कल उशिरा होते. नकलेचे एक आरंभस्थान बीटा जनुकाच्या अगदी शेजारी आहे, हे १९९३ साली दिसून आले.

थॅलेसेमियाचा एक विरळा प्रकार आहे. त्यात बीटा जनुक शाबूत असते, शेजारचे आरंभस्थानही शाबूत असते, पण दूरवरच्या त्या नियंत्रक भागाचा मोठा तुकडा गळालेला असतो. असे गुणसूत्र घेऊन केलेल्या प्रयोगांत १९९० साली आढळले, की लाल पेशींच्या वंशातही ही सगळी वस्ती मिटून गेली आणि तिची नक्कल उशिरा होऊ लागली. १९९५ साली त्यापुढचे पाऊल पडले. ते आरंभस्थान जागेवर असूनही वापरलेच जात नव्हते. दुसरीकडून निघालेली टोळी येऊन त्या भागाची नक्कल उरकत होती.

स्थानक होते तिथेच होते. अक्षरेही तीच होती. पण भोवतालची जमीन बंद झाली आणि गाडी तिथून सुटेनाशी झाली.

राखीव स्थानके

आता आजीच्या औषधाकडे येऊ. हायड्रॉक्सीयुरिया पहिल्यांदा तयार केले गेले ते जर्मनीत १८६९ साली. जवळजवळ शंभर वर्षे ते औषध म्हणून वापरात आले नाही. डीएनएची नवी अक्षरे बनवणाऱ्या एका विकराला ते अडवते. म्हणजे टोळ्या जागेवर असतात, पण रुळांचा पुरवठा कमी होतो आणि काम रखडते. फार मोठ्या मात्रेत दिले तर नक्कल जवळपास थांबते, म्हणूनच प्रयोगशाळेत ते नक्कल रोखण्याचे साधन म्हणून अनेक दशके वापरले जात आहे.

याच औषधाच्या सौम्य मात्रेने त्या उधळपट्टीचे कोडे सोडवायला मदत केली. २००७-०८ या काळातल्या प्रयोगांत माणसाच्या पेशींना ते थोडे थोडे दिले गेले. टोळ्या मंदावल्या. तेव्हा एरवी झोपून राहणारी, परवाना असलेली स्थानके जागी झाली आणि त्यांनी मधले तुकडे भरून काढले. मग शास्त्रज्ञांनी मुद्दाम परवाने कमी करून पाहिले. साध्या परिस्थितीत त्या पेशींचे ठीक चालले. पण औषध देताच त्या टिकू शकल्या नाहीत, कारण हाताशी राखीव स्थानके नव्हती.

म्हणजे ते जादा परवाने उधळपट्टी नव्हते. जाणती गृहिणी अडीनडीसाठी डब्यात चार पैसे बाजूला टाकते, तशी ती पेशीची पुंजी होती.

आता उत्तर देता येईल. आजी, हे औषध नक्कल मंदावते हे खरे. पण डॉक्टर देतात ती मात्रा नक्कल थांबवण्याइतकी नसते. पेशीजवळ राखीव स्थानके असतात. त्यांच्या जोरावर ती उशिरा का होईना, काम पुरे करते. सर्वांत जास्त परिणाम होतो तो सतत दुभंगणाऱ्या मज्जेवर, आणि तिथेच आपल्याला तो हवा असतो. मज्जेची चाल बदलली की तिच्यातून येणाऱ्या लाल पेशींत गर्भातले हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात येऊ लागते. ते विळा होऊ देत नाही.

आणि वाढीचे काय? अमेरिकेत ९ ते १८ महिन्यांच्या बाळांना दोन वर्षे हे औषध देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या बाळांच्या वेदनांच्या खेपा कमी झाल्या, आणि वजन-उंचीत ती मागे पडली नाहीत. उलट वारंवार दुखणी आणि कमी रक्त यांनीच सिकलसेलच्या मुलांची वाढ खुंटते. वाढीला खरा धोका आजाराचा आहे.

मात्र पुंजी म्हटली की तिला तळही असतो. म्हणून औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि ठरावीक काळाने रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर डॉक्टर औषध काही दिवस थांबवतात. ती तपासणी "पोर बरी दिसते, कशाला सुई टोचायची" म्हणून टाळू नये.

मिटलेली घडी उघडताना

गर्भातले हिमोग्लोबिन हा शब्द वर आला. सिकलसेलचे बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत असते, याचे कारण हेच. त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते आणि त्यात तो दोष नसतो. जेनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ सालीच हे हेरले होते. मध्य भारतातल्या अनेक रुग्णांत हे हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते आणि आजाराची धार थोडी बोथट करते. तरी सगळ्यांच्याच वाट्याला हे भाग्य येत नाही.

गर्भातल्या हिमोग्लोबिनची जनुके जन्मानंतर नाहीशी होत नाहीत. ती प्रत्येक पेशीत आयुष्यभर असतात, नकलेबरोबर पुढच्या पेशीतही जातात. फक्त त्यांच्यावरचे क्रोमॅटिन मिटते. नक्कल होताना जुनी रिळे दोन्ही नव्या धाग्यांवर वाटली जातात, मधल्या जागी नवी रिळे बसतात आणि जुन्या खुणा पाहून नव्या रिळांवरही तशाच खुणा उमटवल्या जातात. आई मुलीला भाकरी थापायला शिकवते तशी घडीची आठवणही एका पेशीकडून दुसरीकडे जाते.

ही जनुके मिटवणारा एक पहारेकरी आहे. त्याचे नाव बीसीएल११ए. त्याचे हे काम विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले. पहारेकऱ्याला लाल पेशींपुरते रजेवर पाठवले तर मिटलेली जनुके पुन्हा उघडतात. याच तत्त्वावरचा जनुक-संपादनाचा उपचार २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. तो अतिशय महागडा आहे आणि त्याआधी कडक औषधे देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागते. भिलाईच्या सामान्य घराला तो आज परवडणारा नाही. पण दिशा त्याने दाखवली आहे. चुकीचे अक्षर न बदलताही, नुसती दुसरी घडी उघडून आजार आटोक्यात आणता येतो.

घरी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, तपासणी. छत्तीसगड आणि विदर्भातल्या काही समाजांत दर दहा माणसांत एक किंवा त्याहून अधिक जण सिकलसेलचे वाहक असतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याच्याकडे एक जनुक निरोगी, एक दोषी असते आणि तो बहुधा ठणठणीत असतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. पत्रिका जुळवताना रक्ताचीही पत्रिका पाहावी. रायपूरला राज्याची सिकलसेल संस्था आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले.

दुसरी गोष्ट, लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण इथे लागू पडेलच असे नाही.

तिसरी, पाणी भरपूर द्यावे. उन्हाळ्यात जास्तच. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा एकाएकी फिकटपणा दिसला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पार्वोव्हायरस नावाचा एक विषाणू मज्जेतल्या लाल पेशींचे काम काही दिवस बंद पाडतो. निरोगी मुलाला ते जाणवतही नाही, कारण त्याच्या पेशी १२० दिवस पुरतात. सिकलसेलच्या मुलाला मात्र ते जिवावर बेतू शकते.

चौथी, हायड्रॉक्सीयुरिया घेणारा तरुण असो वा तरुणी, मुलाचा विचार करण्याआधी दोघांनीही डॉक्टरांशी बोलावे.

आणि शेवटची गोष्ट सासूबाईंसाठी. सिकलसेलचे मूल झाले की बोल सुनेला लावला जातो. "तिच्याच माहेरचे रक्त खराब" असे म्हटले जाते. वाचकहो, या आजारात दोषी अक्षराची एक प्रत आईकडून येते आणि दुसरी वडिलांकडून. वाटणी अगदी समसमान आहे. बोल लावायचाच असेल तर तो त्या काळातल्या हिवतापाला लावा. हे एक अक्षर बाळगणाऱ्या वाहकांना हिवतापाशी झगडताना थोडे संरक्षण मिळत होते, म्हणूनच ते पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले.

आजीने हे सारे ऐकून घेतले, तर ती बहुधा एवढेच विचारेल, "म्हणजे औषध रोज द्यायचे ना?"

होय, आजी. रोज द्यायचे, आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. नातीच्या पेशी आपले काम जाणतात. अडचण आली तर कुठल्या स्थानकातून गाडी सोडायची, याची तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली आहे.